तळटिपांचं टेबल

लोकांना वाटतं, तळटिपा तपासण्यात कसली आली गंमत! मलाही आधी तसंच वाटायचं. बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत मी इतिहास-साहित्याचे प्रबंध छपाईआधी तपासते. स्वल्पविराम कुठे, साल कुठे, पान नंबर कुठे, एवढंच. पण तेवढ्यातूनच इतके किस्से साठलेत, की घरी जेवताना नवरा आधी विचारतो, "आज कोण?"

टेबलावर आम्ही तिघं. मी, पुण्याहून आलेला निखिल, आणि आमच्या प्रमुख सुमित्राअक्का. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय, की निखिल पहिला महिना नुसती मान डोलवायचा.

निखिल नियमाचा पक्का. संदर्भसूचीत आधी आडनाव, म्हणजे आधी आडनाव! एकदा के. एस. मंजुनाथ नावाचे अभ्यासक आले. निखिलने विचारलं, "आडनाव?"

"नाही."

"मग 'के' म्हणजे?"

"कोलार. आमचं गाव."

"झालं तर!" म्हणत निखिलने सूचीत 'कोलार, एस. मंजुनाथ' छापून टाकलं. काही दिवसांनी मंजुनाथ एक पत्र घेऊन हजर. कुठल्याशा परिसंवादाचं निमंत्रण होतं, 'श्री. कोलार यांस'. ते शांतपणे म्हणाले, "मी एकटा गेलो तर चालेल ना? की सगळ्या गावाला नेऊ?"

पण निखिलचा खरा पराक्रम संस्थेच्या मराठी अंकाच्या वेळचा. लेखांमध्ये कुणी 'इ.' लिहिलेलं, कुणी 'इत्यादी'. सगळं एकसारखं करायचं म्हणून त्याने कॉम्प्युटरवर एका फटक्यात सगळे 'इ.' बदलले. अंक छापून आला. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. प्राध्यापक इंद्रोजी काटकर आयुष्यभर 'इ. काटकर' या नावाने लिहीत आलेले.

"नमस्कार," पलीकडून अगदी मृदू आवाज आला, "मी इत्यादी काटकर बोलतोय."

निखिल उभा राहून फोनवर माफी मागत होता. काटकर सर रागावले नाहीत. उलट म्हणाले, "असू दे हो. सभेच्या बातमीत माझं नाव नेहमी तसंच येतं!"

एकदा एका प्रबंधातले पान नंबर राहिले होते. फाईल संध्याकाळी छापखान्यात जायची होती आणि प्रबंध लिहिणाऱ्या मॅडम पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये, रिक्षात! मी फोनवर विचारत होते, त्या पुस्तक उघडून सांगत होत्या. एवढ्यात रिक्षावाल्याचा आवाज आला, "मॅडम, हेच पुस्तक मघाशी सांगितलंत. तेव्हा साल वेगळं होतं."

मी मागची टीप पाहिली. त्याचं बरोबर होतं!

शेवटी मॅडम म्हणाल्या, "सिग्नल सुटला. किती राहिल्या?"

"दोन."

"मग काळजी नको. पुढे अजून एक सिग्नल आहे."

आणखी एक मुलगी आठवते. तिच्या मार्गदर्शकांनी तिला दम भरला होता, "जे स्वतः पाहिलं नाही, त्याला आधार द्यायचाच!" बिचारीने धसकाच घेतला. ऋणनिर्देशात तिने लिहिलं होतं, 'माझ्या आईने मला जन्म दिला.' त्यावर तळटिपेचा आकडा. खाली पाहिलं, तर 'वडिलांनी दिलेली माहिती.'

अक्का म्हणाल्या, "सरी, बरोबर आहे. ठेव."

आणि प्रभाची गोष्ट. प्रभा आनेकलकडची. तिकडच्या तलावांचं पाणी शेतांना कसं वाटलं जायचं, हा तिचा विषय. तिच्या तळटिपांत जागोजागी एकच नाव होतं, रामय्या. आयुष्यभर तलावाचं पाणी सोडण्याचं काम केलेले गृहस्थ. समितीने शेरा मारला, 'एका म्हाताऱ्याच्या बोलण्यावर प्रबंध उभा राहत नाही. छापील आधार द्या.'

प्रभा रडवेली होऊन आली. "अक्का, रामय्यांचं नाव गाळायचं?"

"गाळायचं नाही. छापील सापडलं तर शेजारी लिही."

सापडलं. एका नावाजलेल्या पुस्तकात हीच माहिती, जवळजवळ याच शब्दांत. अक्का कुठलाही संदर्भ मूळ पुस्तक उघडल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी ते पान काढलं. खाली टीप होती, 'स्थानिक माहितगाराकडून.' अक्कांनी पुस्तकात कागदाची खूण घातली.

तोंडी परीक्षा खुली होती, आम्ही तिघंही गेलो. प्रभाने रामय्यांनाही बोलावलं होतं. ते सकाळच्या बसने येऊन मागच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे त्या पुस्तकाचेच लेखक.

त्यांनी विचारलं, "या पाणीवाटपाला छापील आधार कोणता?"

"सर, तुमचंच पुस्तक."

सभागृह हसलं. सरही खूश झाले. शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली, तेव्हा अक्का उठल्या.

"सर, स्वल्प एक विचारू? तुमच्या पुस्तकात तिथे 'स्थानिक माहितगार' असं लिहिलंय. त्यांचं नाव काय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला. "बरीच वर्षं झाली हो. जुन्या वह्या शोधाव्या लागतील."

मागच्या रांगेत रामय्या हात जोडून उभे राहिले. कन्नडमध्ये, अगदी हळू आवाजात म्हणाले, "रामय्या, सर. त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे जेवायलाही थांबला होतात."