सारख्या रेघा

वीसपैकी तीन.

अकोल्याच्या शाळेत प्रिन्सिपल मॅडमनी पेपर माझ्यापुढे सरकवला, तेव्हा वाटलं, चुकून दुसऱ्या कोणाचा आला. वर नाव पाहिलं. माधुरीचंच.

माधुरी माझ्या अमरावतीतल्या, राजापेठच्या इंग्रजीच्या क्लासमधली. सासरचा फुलांचा धंदा, हार गुंफून झाले की क्लासला यायची. या शाळेची नवी शाखा अमरावतीत निघणार होती, तिथे सहायक शिक्षिकेची जागा होती. सासूबाईंनी बजावलंच होतं, ही नोकरी लागली तर ठीक, नाही तर क्लास बंद, दुकानात बस. आणि शब्द मी टाकला होता. आर्टिकलमध्ये तिचा हात धरणारं कोणी नाही, असं प्रिन्सिपल मॅडमना फोनवर सांगून बसले होते.

आर्टिकल म्हणजे नामाआधी येणारे ए, ॲन, द. टोपल्यातलं कुठलंही एक संत्रं म्हणजे ‘ॲन ऑरेंज’. तुम्हाला-मला दोघांना माहीत असलेलं ठरावीक संत्रं म्हणजे ‘द ऑरेंज’. मराठीत असं काही नाही, म्हणून आपली माणसं इथेच घसरतात. मी स्वतः कॉलेज पाहिलं नाही, जुन्या पुस्तकांवरून शिकले, आणि गाळलेल्या जागा भरायला देऊन शिकवत आले. त्यात माधुरी अठराच्या खाली कधी आली नाही.

“काय झालं तुले? घाबरली का?” मी शेजारी बसलेल्या माधुरीला विचारलं.

“नाही मॅडम. याच्यातल्या रेघा साऱ्या सारख्याच आहेत.”

“मग?”

“तुमच्या पेपरात ‘ए’ची रेघ आखूड रायते. ‘द’ची लांब.”

पेपर मी हातानेच काढते. पूर्ण वाक्य लिहायचं, उत्तर खोडरबरने पुसायचं, तिथे रेघ मारायची, मग झेरॉक्स. रेघ शब्दाएवढीच होणार ना. अकरा वर्षं हेच चाललं होतं.

“साऱ्या जणी असंच करता?”

“आमाले वाटलं, तुमीच खूण ठेवून राहिल्या. नवीन बाई आली की आमी पहिल्याच दिवशी सांगतो तिले.”

प्रिन्सिपल मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. चूक माझी आहे, आठ दिवस द्या, म्हटलं. त्यांनी दिले.

आठ दिवस कागद काढलाच नाही. तिच्या दुकानात जाऊन बसले. ‘गिव्ह मी ए रोज’ म्हटलं, तिने हाताला लागेल ते फूल दिलं. ‘गिव्ह मी द रोज’ म्हटलं, तर कमरेवर हात ठेवून विचारते, “कोणतं?”

“हेच,” मी म्हटलं. “समोरच्याले ‘कोणतं’ विचारा लागू नये, तिथेच ‘द’.”

दुसऱ्या टेस्टला वीसपैकी चौदा. सहा महिने ट्रायलवर घेतलं तिला, लहान वर्गावर. सासूबाईंनी मला मोगऱ्याचा गजरा पाठवला.

आता प्रत्येक रेघ पट्टीने मारते, मोजून दोन बोटं. पहिल्याच टेस्टला सारा क्लास आपटला. रेघा पाहूनच पास होऊन गेलेल्या जुन्या किती जणी असतील, मोजायची हिंमत नाही. मार्कांची वही मिटली आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा खरोखर शिकवायला बसले.