दुसरं कार्ड

आईच्या पेटीतून शेवटी माझ्या वाट्याला चार फोटो आणि चित्राची दोन कार्डं आली. पातळं भावजयांनी घेतली, भांडी आधीच वाटली गेली होती. हे मात्र कोणालाच नको होतं, म्हणून माझं. फोटो माथेरानचे, आमच्या जन्मातल्या एकुलत्या एका हवापालटाचे. एकात काका घोड्याशेजारी उभे आहेत; घोडा भाड्याचा, ऐट काकांची. एकात आत्या आहे, पण ऐन वेळी तिनं पदर असा ओढून घेतला की कोणी गाठोडं ठेवून गेल्यासारखं दिसतं. एकात नुसती झाडं आहेत, त्यांत कुठेतरी मीही आहे म्हणे. चौथ्यात ताई. केस ओले, मोकळे, डोळे उन्हानं बारीक झालेले आणि तोंडभर हसू. त्या काळी लग्नाच्या मुलीचा केस सोडलेला फोटो म्हणजे वाह्यातपणाच. पण त्या ओल्या केसांना कारण होतं, आणि ते कारण म्हणजे एक कावळा.

आम्ही कर्जतला राहायचो. वडील तिथल्या कोर्टात वकील. मुंबईच्या काकांनी त्या उन्हाळ्यात कुठूनसा एक पेटीकॅमेरा मिळवला होता आणि माथेरानला दोन खोल्या घेतल्या होत्या. ताई, मी आणि आमच्याच घरी राहणारी आत्या अशा आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. आई आली नाही. म्हैस नुकती व्यालेली, आणि वडिलांना बाहेरचं जेवण चालत नसे. ‘‘मी परसातून बघेन तुम्हाला,’’ आई म्हणाली. परसातून तो डोंगर खरंच दिसायचा.

एका सकाळी ताई पायरीवर बसून पोळी खात होती. कावळा आला, तिच्या डोक्यावर बसला, पोळी घेतली आणि उडाला. आत्यानं किंकाळी फोडली. पाणी घेऊन येणारी ठाकरीण म्हणाली, ‘‘कावलाच त्यो. पोली घ्याया आला नि गेला.’’ पण आत्याला कोण समजावणार! तिनं ताईवर नेसत्या लुगड्यानिशी घागर उपडी केली. मग म्हणाली, ‘‘आता घरी कळवायला हवं.’’

काय कळवायचं, ते आजच्या मुलांना सांगावं लागेल. कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरण शिवून गेलं. त्यावर उपाय एकच. माणूस गेल्याची बातमी जवळच्यांना धाडायची. ते खरं मानून रडले की त्या रडण्यावर अरिष्ट निभावतं. मग दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळवायचं.

काका इंग्रजी शिकलेले होते, पण थोरल्या बहिणीपुढे त्यांचं इंग्रजी कधी चाललं नाही. त्यांनी कार्ड घेतलं, अशुभ पत्राच्या रीतीप्रमाणे वर श्री घातला नाही, कोपरा फाडला आणि लिहिलं, पटकीनं गेली. एका दिवसात माणूस नेणारा तोच एक आजार त्यांना सुचला. ताई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. ‘‘काका, शेवटपर्यंत आईची आठवण काढत होती, असंही घाला ना.’’ काकांनी तेही घातलं. मग तिला केस वाळवायला उन्हात उभं केलं आणि हा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी ताईनं तळ्याचं चित्र असलेलं कार्ड स्वतः लिहिलं: ‘आई, मी धडधाकट आहे. कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही. फार रडलीस का?’

पहिलं कार्ड पोचताच वडील निघाले. नेरळला छोटी गाडी चुकली, तर भर उन्हात डोंगर चढून आले. आम्ही दोघी सागरगोटे खेळत होतो. त्यांनी ताईला पाहिलं आणि होते तिथेच लाल मातीत बसले. त्यानंतर ते आत्याला जे बोलले ते मी लिहिणार नाही.

तिकडे आई घरी आक्रोश करत होती, सगळी आळी जमली होती. तेवढ्यात पोस्टमन रस्त्यावरूनच ओरडत आला, ‘‘बाई, रडू नका! ह्या कार्डावर श्री हाय!’’ वडील माथेरानहून उतरायच्या आत आईला खरं कळलं होतं. तिनं साखरेचा डबा काढला आणि घरोघर जाऊन साखर वाटली. वडील परतले ते धुळीच्या पायांनी तडक माजघरात आले. आईनं त्यांच्याही तोंडात साखर घातली. पुढे ही हसण्याची गोष्ट झाली. पाहुणे आले की आत्याला खिजवायला सांगायची. ते कार्ड मात्र आईनं देव्हाऱ्यात ठेवलं.

त्या माघात ताईचं लग्न झालं. सासर खालापूरचं, बैलगाडीच्या वाटेचं. माथेरानची उरलेली कोरी कार्डं तिनं ट्रंकेत घालून नेली.

आषाढात एका सकाळी तिच्या सासरचा गडी गाडी घेऊन आला. अंगणातच उभा राहिला, ओट्यावर चढेना. ‘‘वकीलसायेब, लय वाईट झालं. धाकल्या वैनी गेल्या. आज पाटंला. पटकी झाली हुती.’’

आई ताक घुसळत होती. ‘‘पटकीनं?’’ ती म्हणाली आणि चक्क हसली. ‘‘कावळा बसला असेल तिच्या डोक्यावर. सासू जुन्या वळणाची आहे.’’

गडी काही बोलणार होता, पण त्याला रडूच आलं. वडिलांनी उपरणं घेतलं. ‘‘अगं, चल.’’

‘‘मी नाही येत. मागे तुम्ही गेलात आणि इकडे कार्ड आलं. ते घ्यायला घरी कोणी नको का?’’

वडील एकटेच गाडीत बसले. आत्या देवघरात जाऊन बसली, दिवसभर बाहेर आली नाही. तिला कळलं होतं. मला नव्हतं कळलं. मेलेल्या ताईला हसताना मी या डोळ्यांनी पाहिलं होतं, मी आईवर विश्वास का ठेवू नये?

दुपारी आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘‘मला रडूच येत नाही गं. खोटं आहे हे ठाऊक असल्यावर कसं येणार? आणि रडले नाही तर उपाय लागू पडायचा नाही.’’ मग तिनं चुलीत ओली लाकडं सारली आणि त्या धुरात तोंड धरून बसली. डोळे लाल झाले, पाणी आलं. ‘‘एवढं चालेल ना?’’ तिनं मला विचारलं. मी म्हटलं, चालेल.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. या वेळी तो ओरडला नाही. कार्ड ओट्यावर ठेवून खाली मान घालून निघून गेला. तेच तळ्याचं चित्र, वर श्री, अक्षर ताईचं. मी मोठ्यानं वाचलं: ‘नागपंचमीला न्यायला पाठव. माझा तो ओल्या केसांचा फोटो आठवणीनं पाठव. सासूबाईंना नाही, यांना दाखवायचा आहे.’

आईनं कार्ड माझ्या हातातून ओढून घेतलं, कपाळाला लावलं आणि साखरेचा डबा घेऊन बाहेर पडली. मी मागोमाग. आळीला सगळं ठाऊक होतं, गड्यानं जाताना सांगितलं होतं. पण सांगणार कोण? ती चिमूट चिमूट साखर देत होती, बायका तळहात पुढे करत होत्या. कोणीच ती तोंडात टाकली नाही. ‘‘घ्या की हो,’’ आई म्हणायची, ‘‘माझी लेक जिवंत आहे.’’ समोरच्या काकूंनी मूठ मिटली आणि तोंड फिरवलं.

दिवेलागणीला वडील आले. अंगणात थांबले आणि मला हाक मारली. ‘‘बाहेरच पाणी आण. आंघोळीला.’’

आई कार्ड घेऊन दारात आली. ‘‘आलं की नाही? मी म्हटलं होतं.’’

वडिलांनी कार्ड उलटं केलं, पोस्टाचा शिक्का उजेडाकडे धरून पाहिला. ‘‘परवाचं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘ती काल पहाटे गेली.’’

मग आई रडली. त्या रडण्यानं काहीच टळणार नव्हतं, तरी रात्रभर रडली.

लोक मला म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, झालं. असेल. मी कावळ्याला कधी दोष दिला नाही. त्या हसऱ्या कार्डाला मात्र देते. एकदा मरण खोटं ठरल्यावर माझ्या आईनं ते खरं कसं मानावं?

फोटो खालापूरला गेलाच नाही.

सकाळी आमच्या ओट्याच्या कडेला मुंग्यांची रांग लागली होती. आईला दिसू नये अशा बेतानं बायकांनी आपापल्या मुठी तिथे रिकाम्या केल्या होत्या. अख्ख्या आळीत ती साखर खाल्ली होती फक्त दोघींनी, आईनं आणि मी.