हनुवटीचा कारभार

मी लाँड्रीत मुकादम होते. गल्लीतली लाँड्री नव्हे, हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ धुणारी मोठी लाँड्री. माझं अर्धं आयुष्य तिथे गेलं, आणि तेही हनुवटीच्या जोरावर. मशिनांच्या घरघरीत कोणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून मी बोलायचेच नाही. हनुवटी डावीकडे केली की बायका चादरी उचलायच्या, वर केली की मशीन चालू. "मुकादमबाईंना तोंड उघडावं लागत नाही," असं सगळे म्हणायचे. मी ते कौतुक समजत होते.

मग नवीन मशिनं आली आणि ती भिंतीपलीकडच्या खोलीत बसवली. मालकांनी माझ्या टेबलावर वॉकीटॉकी ठेवला. म्हणाले, "आता यावर सांगत जा."

घरी मी नवऱ्याला मिजाशीत ही बातमी दिली. तो म्हणाला, "म्हणजे आता बोलावं लागणार तुला?"

"ते आण जरा," मी म्हटलं. त्याने मुकाट्याने माझा चष्मा आणून दिला. बघा, समजणाऱ्याला समजतं.

पलीकडच्या खोलीत एक नवी बाई लागली होती. नवऱ्याची नोकरी सुटलेली, सगळं घर हिच्या जिवावर. तिला कायम करायचं की नाही, हे मालक माझ्या शब्दावर ठरवणार होते. कामाला वाघ, पण सारखी विचारायची, "ताई, ते म्हणजे कुठलं?" मला वाटायचं, बिचारीला डोकं जरा कमीच आहे.

एके दिवशी मी वॉकीटॉकीवर म्हटलं, "ते काढ आणि हे त्यात टाक."

"ताई, काय काढू?"

माझं टाळकं सटकलं. "अगं, सांगतेय ना स्पष्ट. सारखं सारखं विचारू नकोस."

मग तिने विचारलं नाही. वेटरांचे लालभडक कोट पांढऱ्या टेबलक्लॉथांबरोबर फिरले, आणि सगळे टेबलक्लॉथ गुलाबी होऊन बाहेर आले.

मालकांनी दोघींना बोलावलं. ती रडवेली होऊन उभी होती. मी तावातावाने म्हणाले, "मी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं."

"काय सांगितलंत? जसंच्या तसं सांगा."

"म्हटलं, ते काढ," माझी हनुवटी डावीकडे गेली, "आणि हे त्यात टाक." हनुवटी उजवीकडे.

मालकांनी डावीकडे पाहिलं. तिथे पंखा होता. उजवीकडे पाहिलं. तिथे त्यांचा डबा होता.

नवी बाई माझ्या हनुवटीकडेच बघत होती. बिचारीला ती आज पहिल्यांदा दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीपलीकडच्या माणसाला मी इतके दिवस हनुवटी दाखवत होते, आणि वर तिलाच मठ्ठ ठरवत होते.

"हिला कायम करा," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

घरी नवऱ्याला विचारलं, "तुला बरं माझं सगळं कळतं?"

"कुठे कळतं? बहुतेक वेळा तुला चष्माच हवा असतो. दुसरं काही हवं असलं की शिव्या खातो."

मालकांनी तिला कायम केलं आणि माझ्या जागी टेबलाशी बसवलं. मला मशिनांवर पाठवलं, जरा ऐकायची सवय व्हावी म्हणून.

पहिल्याच सकाळी वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला. "ताई, दोन नंबरच्या मशीनमधल्या चादरी काढा आणि ड्रायरमध्ये टाका. कळलं का?"

इतकं स्वच्छ कळलं की विचारू नका. मी खुशीत मान डोलावली.

"ताई, कळलं का?"

मी पुन्हा डोलावली, या वेळी जरा जोरात.

मग ती म्हणाली, "ताई, मान हलवताय ना? तोंडाने सांगा."