छत्तीस लिंपणांची जमीन

फरशीकाका मातीच्या प्रयोगशाळेत कामाला लागले तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरच्या फरश्या घासल्या. गुडघे कामातून गेले, म्हणून मेव्हण्याने शब्द टाकून त्यांना इथं चिकटवलं. काम तसं हातातलंच. उत्खननाच्या खड्ड्यातून मातीचे चौकोनी ठोकळे यायचे. ते राळेत भिजवून दगडासारखे टणक करायचे, कापायचे, काचपट्टीवर चिकटवायचे आणि घासत घासत इतके पातळ करायचे की आरपार उजेड दिसावा. मायक्रोस्कोपला डोळा लावायचं काम मॅडमचं. काकांनी अकरा वर्षांत एकदाही आत डोकावलं नव्हतं. "आपण घासावं, बघणारे बघतील," म्हणायचे.

एक दिवस मात्र एका ठोकळ्यापाशी ते अडले. मॅडमनी वहीत लिहून ठेवलं होतं : नदीचा गाळ. कापलेल्या बाजूवर केसासारख्या रेघा, एकीवर एक. काकांनी ओला अंगठा फिरवला, चष्मा कपाळावर ढकलून नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं आणि ठोकळा घेऊन थेट मॅडमचं टेबल गाठलं.

"रागावू नका, पण हे पुराचं काम नाही."

"कशावरून, काका?"

"गाळ आपसूक बसतो. खाली भरड, वर बारीक. इथं प्रत्येक रेघ वरून दाबून गुळगुळीत केलीय. हात फिरलाय हिच्यावर. कुणीतरी जमीन केलीय, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. "घासा बघू," एवढंच म्हणाल्या.

काचपट्टी तयार व्हायला दोन दिवस लागले. मॅडम बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून राहिल्या. मग खुर्ची सोडून उठल्या. "काका, बसा इथं."

काकांनी डोळा लावला. पिवळसर मातीचा पट्टा, त्यावर काजळीची बारीक रेघ, पुन्हा माती, पुन्हा काजळी. चूल पेटायची, धूर बसायचा, कुणीतरी पुन्हा लिंपायचं.

"छत्तीस वेळा," मॅडम हळूच म्हणाल्या. "पाच हजार वर्षांपूर्वी. आणि मधे तो जाडसर फिकट थर दिसतोय? तो मात्र खरंच पुराचा."

काकांनी पट्टी जराशी सरकवली. फिकट थराच्या वर पुन्हा पिवळी माती, तितकीच गुळगुळीत.

"म्हणजे घरात पाणी शिरलं," काका म्हणाले, "आणि तरी ती माणसं परत आली."

आठवड्याभराने मॅडम त्यांना उत्खननावर घेऊन गेल्या. शिडी उतरून काका खड्ड्यात गेले. खड्ड्याच्या भिंतीत थरांची ती बोटभर जाडीची पट्टी होती आणि पलीकडे तीच जमीन हातभर उघडी पडलेली. काकांनी चपला काढल्या.

"काका, खडे टोचतील!" वरून कुणीतरी ओरडलं.

"टोचू देत. कुणाच्या तरी घरात आलोय."

ते गुडघ्यांची कुरकुर न ऐकता खाली बसले आणि तळवा जमिनीवर टेकवला. त्यांनी आजवर शेकडो घरांतल्या फरश्या चाचपल्या होत्या. पण इतक्या हळुवार हाताने एकही नाही.

घरी येऊन त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली.

"अहो, छत्तीस वेळा लिंपलं कुणी? त्या घरधन्याच्या बायकोनेच ना?"

"ते मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही गं."

"मला दिसतंय," ती म्हणाली. "मला घेऊन चला तिकडे."