धागा दिसत नाही

तांबी बसवायला शिकवण्यात माझा हात धरणारं नाशकात कुणी नव्हतं, हे मी आजही सांगते. नव्वदच्या दशकात गावोगावच्या नर्सबाई आमच्या दवाखान्यात प्रशिक्षणाला यायच्या. पहिल्या दिवशी त्या चिमटा हातात घ्यायलाही बिचकायच्या. आठवड्याभरात त्याच टेबलावरच्या बाईशी माहेरच्या गप्पा मारत काम उरकायच्या. चिमटा कसा धरायचा, धागा किती ठेवून कापायचा, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

दहाएक वर्षांनी त्यातल्या काही जणी उजळणीला परत आल्या. एक माझ्याच वयाची होती, कामाला वाघ. उजळणी चालू असताना एका सकाळी बाजारात मेथी विकून एक बाई थेट आमच्याकडे आली. तिला तांबी काढायची होती. एक मुलगी होती, आता आणखी एक मूल हवं होतं. मी त्या नर्सला पुढे केलं. तिने तपासल्यासारखं केलं आणि म्हणाली, "धागा दिसत नाही. पुढच्या महिन्यात ये."

बाई टेबलावरून हललीच नाही. "आमच्या गावच्या सिस्टरबी हेच म्हनत्यात. दर टायमाला हेच."

मी दिवा जवळ ओढून पाहिलं. दोन्ही धागे समोर स्वच्छ दिसत होते. माझा पारा असा चढला! नर्सला पडद्यामागे नेलं आणि झापायला तोंड उघडलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हीच शिकवलंय. काढायला आली की धागा दिसत नाही म्हणून दोन-तीनदा परत पाठवा, तिचं मन बदलतं."

शिकवलं होतं खरं. तेव्हा बसवलेली प्रत्येक तांबी आमचं काम म्हणून धरली जायची, आणि काढलेली म्हणजे केलेलं काम वाया. वर्ग हसला होता. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

मला कानावर हात ठेवता आले असते. पण तेवढी भित्री मी नाही. पडदा सारला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ते मी चुकीचं शिकवलं. आजपासून जी मागेल तिला त्याच दिवशी काढून द्यायची." मग नर्सकडे वळले, "चला, बसा. करा सुरुवात."

तिने चिमट्यात धागे धरले, हलकेच ओढले. मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

बाई उठून बसली आणि ट्रेमधल्या तांबीकडे बघत राहिली. "एवढंच व्हतं? ह्याच्यापायी मी तीन वरसं फेऱ्या मारते हाय. चाळिशी आली माझी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडून तिची माफी मागितली.

"माफी ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "आता मला मूल व्हईल का, तेवढं सांगा."