नानांचा पहारा

साताऱ्याच्या घराचं दार दिवसभर उघडंच असायचं, पण नाना ओसरीवर बसलेले असले की नाव सांगितल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकता येत नसे. मी समोर उभी दिसत असले तरी विचारायचे, "कोन हाय?"

"मी सुमी."

"सुमी व्हय? ये आत."

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. पलटणीतून निवृत्त झाले, पण पहारा काही सुटला नाही. दूधवालासुद्धा आधी नाव सांगून मग चरवी खाली ठेवायचा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सांगलीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. नानांना क्षय झाला, गोळ्यांनी बरंही वाटलं. वर्षभरानं खोकला परत आला. मी भेटायला गेले, नाव सांगितलं, तर म्हणाले, "तितंच थांब. माझा खोकला तुला लागंल."

"नाना, गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्या ना?"

त्यांनी काकींना खूण केली. काकींनी पलटणीची काळी ट्रंक उघडली. कपड्यांच्या घड्यांखाली गोळ्यांची पाकिटं नीट रचलेली. "खोकला थांबला, शत्रू पळाला. मग बार कशाला वाया घालवायचा? फुडच्या हल्ल्याला राखून ठिवल्यात," नाना अभिमानानं म्हणाले. रागवावं की रडावं, मला कळेना.

मी अंगणातूनच समजावू लागले. "आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. ते पहारेकरीच समजा. क्षयाच्या जंतूचं मेणचट आवरण त्यांनी ओळखलं की आत इशारा जातो. पेशी लढायला उठते, बाकीच्यांनाही हाक मारते. म्हणून तर जंतू अंगात शिरूनही कितीतरी माणसं आजारी पडत नाहीत."

"मग माझं पहारेकरी झोपलं व्हतं?"

"जागे होते. पण हा जंतू लबाड. ज्या पेशीनं त्याला गिळलं, तिच्याच पोटात दडून राहतो. खोकला थांबला तरी तो आत असतो. गोळ्या पहारेकऱ्यांच्या मदतीला होत्या, नाना."

नानांनी उघड्या ट्रंकेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजी त्यो चौकीतच दडला व्हता. आन् मीच कुमक थांबवली."

अर्धवट औषधानं जंतू सरावला होता, जुन्या गोळ्यांना आता दाद देईना, म्हणून डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. मी रविवारी सांगलीहून यायचे आणि अंगणात खुर्ची टाकून बसायचे. खोकल्याची उबळ ओसरली की नाना विचारायचे, "वर्गात पोरास्नी ह्ये सांगतीस न्हवं? माझं बी सांग. लाजू नगंस." निघताना दर वेळी एकच वचन द्यायचे, "तपासणीत थुंकी साफ आली की मी सोता म्हनीन, ये आत." त्या एका वाक्यासाठी मी एसटीचे सगळे धक्के सोसायचे.

थुंकी साफ आलीच नाही.

नाना गेले त्या दिवशी माणसं सरळ आत जात होती, कुणी कुणाचं नाव विचारत नव्हतं. मी मात्र उंबऱ्यापाशी थांबले. "मी सुमी," म्हणाले. काकी आतून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "ये गं आत."

पण मला ते नानांच्या तोंडून हवं होतं. अजूनही हवं आहे.