मी न केलेला फोन

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, पण लिहायची ही पहिलीच वेळ. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मी ते करमणूक म्हणूनच वाचायचो. उलटे पाय, पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारी बाई... चहाबरोबर बरं जातं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नसेल तर ती चूकच नाही, हे लोकांना दिवसभर ऐकवायचा मला पगार मिळतो. त्यामुळे असल्या गोष्टींशी माझं कधी जमलं नाही. आता जे लिहितोय ते मला पुन्हा घडवून दाखवता येणार नाही — आणि तरी ते घडलंय. हसायचं तर हसा, तुमच्या जागी मीही हसलो असतो.

आम्ही नेऱ्यात राहतो, हिंजवडीच्या पलीकडे. मी आणि माझी बायको केतकी. नवी सोसायटी, छोटासा वन बीएचके, आणि खिडकीसमोरच दुसरी बिल्डिंग उभी राहतेय. सकाळी तिथला खडक फोडायचा ब्रेकर सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं वाजायला लागतात. त्यात जर्मन क्लायंटशी काय बोलणार, कपाळ? कंपनीने कुठूनही काम करायची मुभा दिली तेव्हा टीममधले निम्मे लोक गोवा-गोकर्णला जाऊन बसले. रोज ग्रुपवर फोटो — शहाळं, लॅपटॉप, मागे समुद्र. केतकीला पाचवा महिना लागलेला आणि डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलेला, म्हणजे समुद्र आमच्या नशिबात नव्हता. मी आपलं मुळशी गाठलं. धरणाच्या पाण्याकाठी, ताम्हिणीच्या रस्त्याला एक कॅफे सापडला. टीमला मी सांगायचो, हा माझा गरिबाचा गोवा.

कॅफे इक्बालभाईंचा. पौडच्या बाजारात त्यांचं घरचं किराणा दुकान आहे, ते भाऊ बघतो, आणि यांनी हौसेने इकडे मशीनची कॉफी आणि कांदाभजी एकत्र सुरू केलेली. मोबाईलची रेंज तिथे अजिबात नाही, पण रस्त्याकडेने केबल आलेली असल्यामुळे वायफाय झकास. "खुर्ची फुकट हाय, पन पोट रिकामं ठिवून बसायचं न्हाई," एवढीच त्यांची अट.

काचेजवळचं टेबल माझं ठरलेलं. समोर उतार, खाली पाणी. उन्हाळ्यामुळे पाणी मागे हटलेलं, मधे मातीचा उघडा पट्टा. दुपारी एकच्या सुमाराला ठकूबाई नावाच्या एक धनगर मावशी त्यांची मेंढरं त्या उतारावरून पाण्यावर न्यायच्या. माझी क्लायंटबरोबरची मीटिंग नेमकी त्याच वेळेला. कॅमेरा चालू, कानात हेडफोन, आणि मीटिंग संपेपर्यंत जागचं हलायची सोय नाही. समोरचं दिसायचं सगळं, पण नजर स्क्रीनवर आणि तोंड जर्मनीकडे.

आता घरचं सांगतो. केतकी दिवसभर एकटी. तिची आई नवव्या महिन्यात येणार होती. सुरुवातीला मी संध्याकाळी घरी आलो की ती वैतागलेली असायची, कधीकधी रडलेलीही. मी यायचो, जेवायचो, पुन्हा लॅपटॉप उघडायचो. ती बोलायची आणि मी 'हं' म्हणायचो. हे 'हं' माझ्या घरच्यांना चांगलंच माहीत आहे.

मग हळूहळू ती खुलत गेली. संध्याकाळी दार उघडताना हसायला लागली. मला वाटलं, दिवस सरतायत तशी रुळली असेल. एकदा जेवताना म्हणाली, "त्या कोकराचं काय झालं रे? निघालं का बाहेर?"

"हं," मी म्हटलं.

"हं काय? टेबलाखाली शिरून बसलं होतं ना? इक्बालभाई वाटीत दूध घेऊन त्याच्या मागे..."

तसं खरंच झालं होतं, त्याच दुपारी. माझी मीटिंग चालू असताना एक कोकरू कॅफेत घुसलं होतं आणि मी हसू दाबत बग वाचून दाखवत होतो. पण मी हे केतकीला कधी सांगितलं? म्हटलं, सांगितलं असेल आल्या आल्या. मग असं वरचेवर व्हायला लागलं. वाऱ्याने कॅफेबाहेरची छत्री उडाली तिला माहीत, इक्बालभाईंच्या आईने नाचणीची भाकरी पाठवली तिला माहीत. "तू म्हणालास ना," असं ती म्हणायची आणि मी 'हं' म्हणून मोकळा व्हायचो. आपण बोलतो आणि विसरतो, इतकाच अर्थ मी काढला. थोडी झोप वाढवली पाहिजे असंही ठरवलं.

आठव्या महिन्यातला तो दिवस. मीटिंग लांबली, मी सगळी नोटिफिकेशन बंद ठेवली होती. संपल्यावर उघडली तर शेजारच्या कुलकर्णी काकूंचे मेसेजवर मेसेज. केतकीला हॉस्पिटलात आणलंय. सिझेरियन करतायत. लवकर या.

पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये मी किती लोकांना शिव्या घातल्या ते इथे लिहीत नाही. पोचलो तेव्हा मुलगी झाली होती, काचेच्या पेटीत ठेवलेली, मुठीएवढं तोंड. मी केतकीकडे गेलो, ती अर्धवट शुद्धीत होती. म्हटलं, "काय झालं? कसं झालं एकदम?" तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि डोळे मिटले.

बाकीचं काकूंनी सांगितलं. "तुम्ही फोन केलात म्हणून बरं झालं हो! सकाळपासून बाळ कमी हलतंय असं हिला वाटत होतं, पण संध्याकाळपर्यंत वाट बघू म्हणत होती. तुमचा फोन आला तशी धावत माझ्याकडे आली. म्हणाली, तो ओरडतोय, आत्ताच्या आत्ता जा म्हणतोय."

नाळेचा वेढा बसला होता. डॉक्टर म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर आपल्या हातात काही उरलं नसतं. रात्री सासूबाई आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर रडल्या. "जावईबापू, तुमच्यामुळे माझी नात बघायला मिळाली."

मी फोन केलाच नव्हता. मी त्या वेळी एका बटणाचा रंग चुकलाय हे तावातावाने पटवून देत होतो. पण त्या माउलीसमोर ते तोंडातून निघेना. एकदा निघालं नाही ते नाहीच. बारशाला तर आमच्या नातेवाइकांत मी हिरो झालो होतो.

चौकशी मात्र केली, पेशाच तसा. फोन घरच्या लँडलाईनवर आला होता. इंटरनेटच्या कनेक्शनबरोबर फुकट मिळालेली, नंबर दिसायला स्क्रीनही नसलेली, टीव्हीखाली पडलेली. तिचा नंबर मला स्वतःला पाठ नाही. काकूंच्या बोलण्यातून कळलं, असे फोन रोज यायचे, दुपारी एकच्या आसपास. मुळशीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून मी कॅफेतल्या फोनवरून करतो अशी केतकीची समजूत. इक्बालभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "फोन? हितं वायर आली ती निस्ती वायफायची. मला सोताला घरी बोलायचं तर पौडाकडं जावं लागतंय." फोन कंपनीकडे विचारलं, येणाऱ्या फोनची नोंद मिळत नाही म्हणाले. मग वाटलं, एआय. आजकाल आवाज हुबेहूब बनवतात, लोकांना लुबाडतात. पण लुबाडणारा माणूस रोज दुपारी फोन करून 'जेवलीस का, पाय सुजलेत का' विचारेल कशाला? आणि टेबलाखालचं कोकरू त्याला कुठून दिसेल?

रजा संपल्यावर एकदा पुन्हा कॅफेत गेलो. काम नव्हतं, उगाच गेलो. बाहेर पायरीवर उभा होतो तर ठकूबाई मेंढरं घेऊन आल्या.

"लई दिसांनी आलात, दादा. बाळ-बाळंतीन बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? त्या दिशी केवढ्यानं वरडत हुतात फोनवर! दवाखान्यात जा, आत्ता जा. माजी मेंढरं बिचकून पार वड्यापातूर पळाली. येक गाभन हुती त्यातली, पडली असती म्हंजी?"

"कुठे ओरडत होतो?"

"तितं." त्यांनी काठीने पाण्याच्या कडेचा एक खडक दाखवला. "रोज तितंच फिरता की फोन कानाला लावून. रोज आपलं हळू बोलता, हसता. म्या मनात म्हनायची, ह्यो गडी बायकूला लई जीव लावतुया. त्या दिशी पयल्यांदा आवाज चढला बगा."

"मावशी, नीट आठवा. मीच होतो?"

"तुमी न्हाई तर कोन? ह्योच शर्ट हुता की."

"एवढ्या लांबून तोंड ओळखू येतं?"

"मला मेंढरू मेंढरू वळखू येतंय, मानूस न्हाई येनार व्हय?" त्या जरा रागावल्याच. मेंढरांना हाक देत उतरून गेल्या.

त्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर होतो. पंधरावीस माणसांनी मला काचेजवळच्या टेबलावर बसलेलं पाहिलंय. मी त्या खडकापर्यंत चालत गेलो. फोन काढला, वर धरला, फिरवला. रेंज नाही. मागे वळून बघितलं तर कॅफेची काच आणि काचेमागची माझी रिकामी खुर्ची अगदी स्पष्ट दिसत होती. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, मला इतकी भीती वाटली की मी पळत वर आलो. इक्बालभाईंनी न विचारता पाणी दिलं.

घरी आल्यावर ठरवलं, आता केतकीला सांगायचं. बाळ झोपलं होतं. ती लंगोटांच्या घड्या घालत बसली होती. मी समोर बसलो. शब्द जुळवत होतो.

"केतकी, तो फोन... मी नव्हतो."

ती घडी घालत राहिली. "माहितीये."

"माहितीये? कधीपासून?"

"हॉस्पिटलात आल्या आल्या तू विचारलंस, काय झालं. ज्याने मला पाठवलं त्याला माहीत होतं काय झालंय ते."

"मग सगळ्यांना का सांगू दिलंस की मीच..."

"मग काय सांगू? कुणाचा फोन होता म्हणून?" तिने पहिल्यांदा वर बघितलं. डोळे भरलेले. "मला वाटलं होतं, तू सांगशील. त्याच दिवशी. मी वाट बघत होते. तू हार-तुरे घेत बसलास."

मला खूप लाज वाटली. मी म्हटलं, घाबरलो होतो. ती म्हणाली, मीपण. मग मी विचारलं — विचारायला नको होतं, पण विचारलं — "आधी तुला कधीच शंका नाही आली? इतके महिने?"

"आली ना," ती म्हणाली. "आवाज तुझाच होता. पण तो ऐकायचा रे. मी बोलायचे आणि तो ऐकायचा. मला वाटायचं, तिथे गेल्यावर तू बदलतोस. म्हणून संध्याकाळी त्या फोनचं विचारायला भीती वाटायची. विचारलं आणि थांबलं तर?"

त्यानंतर फोन आलेला नाही. बाळ झालं त्या दिवसापासून एकदाही नाही. मी मुळशीला जात नाही, ब्रेकरच्या आवाजात घरूनच काम करतो. माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. तो कोण होता, त्याला माझा आवाज कसा मिळाला, माझ्या मुलीचं त्याला आधी कसं कळलं — काहीच नाही. त्याच्या उपकाराखाली आहे मी, हे नक्की. आणि तो पुन्हा यावा असं मला अजिबात वाटत नाही, हेही नक्की. कृतघ्नपणा म्हणा हवं तर.

हल्ली दुपारी एकच्या सुमाराला मी मीटिंगमध्ये असतो, आतल्या खोलीत. केतकी बाळाला घेऊन हॉलमध्ये बसते, टीव्हीजवळ. टीव्ही बंद असतो. परवा मी तिला सहजच म्हटलं, ती लँडलाईन काढून टाकू या का, कोण वापरतं आता.

"राहू दे," ती म्हणाली.

मी राहू दिली.